वाजवी म्हणजे किती वाजता?

"ताई, वाजवी म्हंजे किती वाजता?"

मावशींनी हे विचारलं तेव्हा त्या कढई घासत होत्या आणि मी ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते. मला आधी हसूच आलं. वाजवी आणि वाजता, इतकी वर्षं मी हा शब्द लिहितेय पण त्यात घड्याळ दडलंय हे कधी दिसलं नव्हतं. मी हसले म्हणून त्याही थोडं हसल्या, पण हात थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना विनोद करायचाच नव्हता. खाली लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागलीय, "घरकामासाठी येणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर वाजवी वेळेतच करावा." मावशी चौथीपर्यंत शिकल्यात, अक्षर लावून लावून वाचतात, आणि त्या रोज आमच्याकडे अकराव्यावर येतात, मग चौदाव्यावर, मग उतरून सहाव्यावर. त्यांना फक्त वेळ हवी होती, आठ की नऊ की अकरा, सांगून टाका. मी म्हटलं, "म्हणजे असं बघा... गर्दी नसेल तेव्हा." त्यावर त्या म्हणाल्या, "गर्दी नसंल तवा मी येऊन काय करू? तुमची सगळ्यांची घाई असती म्हणून तर मला बोलावता." आणि परत कढईला लागल्या.

यातली गोची अशी की तो शब्द माझा होता.

सेक्रेटरींनी आधी लिहून आणलेली ओळ वेगळीच होती, "कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये", बस्स. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग चाललेली, दोन लिफ्टपैकी एक गणपतीपासून बंद, सकाळी साडेआठला एका लिफ्टवर सोळा मजले, मुलांच्या स्कूलबस चुकतायत, सगळे वैतागलेले. सातव्या मजल्यावरचे काका म्हणाले की ह्यांच्या बादल्या, ह्यांचे ओले पाय, आणि प्रत्येक मजल्याला लिफ्ट थांबवतात. तेव्हा मी उठले. म्हटलं असं नाही लिहिता येत, बरं दिसतं का हे? आणि मग मी माझं अस्त्र काढलं. मी कायद्याच्या कागदांची भाषांतरं करते, करारनामे, नोटिसा, कोर्टाची कागदपत्रं, पानाच्या हिशेबानं पैसे, त्यामुळे सोसायटीत मला "मॅडमना विचारा" असा थोडा भाव आहे. मी म्हटलं वापरू नये काढा, "वाजवी वेळेतच करावा" घाला. लोकांनी माना डोलावल्या. काकासुद्धा म्हणाले, हां, हे रीझनेबल आहे. मग चहा आला. मी वर येताना लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघून खूश होते हे आता कबूल करायला हरकत नाही, केवढा अन्याय टाळला आपण, एका शब्दात.

या शब्दाशी माझा संसार जुना आहे. इंग्रजीतल्या कुठल्याही करारात रीझनेबल हा फोडणीतल्या मोहरीसारखा, असतोच, आणि मी तो डोळे मिटून वाजवी करून टाकते. वाजवी मुदत, वाजवी काळजी, वाजवी कारण, वाजवी संशय. मूळचा अरबीतला वाजिब, म्हणजे जे देणं लागतं, जे केलंच पाहिजे ते, आणि आपल्याकडे येऊन तो लाँड्रीच्या पाटीवर बसला, "वाजवी दरात ड्रायक्लीन". त्याचा फारसी भाऊ रास्त, म्हणजे सरळ, तो रेशनच्या दुकानात अडकला. आईच्या तोंडात यातला एकही नव्हता. ती भाजीवाल्याला म्हणायची, "भाऊ, बेतानं सांगा." आणि भाऊ खरंच बेतानं सांगायचा, कारण उद्या परत आई त्याच्याकडेच येणार हे दोघांना माहीत.

मागे एकदा कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या टिपणांचं काम आलं होतं, त्यात 1837 सालचा इंग्लंडमधला एक खटला होता, तो मला फार आवडला. मेनलव्ह नावाच्या माणसानं शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून गवताची गंजी रचली. गवत नीट सुकलेलं नसलं तर आतल्या आत तापतं आणि पेट घेतं, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक. पाच आठवडे लोक त्याला सांगतायत की बाबा ही गंजी धोक्याची आहे, आणि हा म्हणतोय, बघू, होईल ते होईल. फार तर त्यानं गंजीच्या मधोमध धुराड्यासारखं एक भोक पाडलं. गंजी पेटली, शेजाऱ्याची घरं जळाली. कोर्टात त्याच्या वकिलाचा बचाव काय, तर माझ्या अशिलाला देवानं बुद्धीच बेताची दिली, त्यानं त्याच्या परीनं विचार केला होता, आता त्याला का धरता? मुख्य न्यायाधीश टिंडल म्हणाले, असं ज्याच्या त्याच्या अकलेनं मोजायला लागलो तर मोजपट्टी प्रत्येकाच्या पावलाच्या लांबीइतकी बदलत राहील. साधारण शहाणा माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी सगळ्यांनी घ्यायची, विषय संपला. मला तेव्हा हे एकदम पटलं. आई दादरला फुलांचा सर घ्यायची तो हातावर मोजून मिळायचा, बोटापासून कोपरापर्यंत एक हात, आणि आई मुद्दाम उंच फुलवाली शोधायची, बुटकीचा हात आखूड. म्हणजे टिंडलसाहेबांची अडचण आईला माहीत होती, फक्त ती तिचा फायदा घ्यायची.

तर हा साधारण शहाणा माणूस म्हणजे कोण, याचं इंग्रजांनी पुढे एक चित्र करून ठेवलं, क्लॅपहॅमच्या बसमधला माणूस. लंडनच्या उपनगरातला, बसनं ये-जा करणारा, फार हुशार नाही फार बावळट नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला गेल्यावर तो बाँडीच्या ट्राममध्ये चढला, हाँगकाँगच्या कोर्टात शाउकेइवानच्या ट्राममध्ये. आमच्याकडे येईपर्यंत त्याची बस सुटली असावी. मी उगाच त्याला मुंबईत शोधत बसते कधीकधी. विरार फास्टमधला? तो तर बोरिवलीला उतरणाऱ्याला आत चढू देणार नाही, आणि त्याच्या दृष्टीनं ते अगदी वाजवी आहे. पण तोच माणूस चौथ्या सीटला सरकून जागाही देतो. तिघांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, एक पाय बाहेर, याचा कुठेही नियम लिहिलेला नाही, आणि ज्यानं "ही तिघांचीच सीट आहे" असं म्हटलं त्याच्याकडे डबा असा बघतो की पुढच्या स्टेशनला उतरावंसं वाटावं.

हे "असं बघणं" मला चाळीतलं आठवतं. आम्ही लालबागचे, आता ज्या टॉवरमध्ये राहतो तो त्याच चाळीच्या जागेवर उभा आहे. पाणी पहाटे साडेचारला यायचं, मजल्याच्या टोकाला एक नळ, आणि दर घराला दोन हंडे नि एक कळशी. कुणी ठरवलं माहीत नाही. कुणाकडे बाळंतीण असली की त्या घराला चार हंडे, ते मागावेही लागायचे नाहीत, रांगेतली पुढची बाई आपला हंडा बाजूला घ्यायची. नळाखाली हंडा भरत आला की आवाज बदलतो, वर वर चढत जातो, अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आता बदलणार. आणि कुणी तिसरा हंडा लावला की एक आजी, दात नसलेल्या, एवढंच म्हणायच्या, "बरं दिसतं का गं?" बस. चाळीचं हायकोर्ट ते.

मी हे सगळं किती कौतुकानं सांगते लोकांना. पण मावशींच्या प्रश्नानंतर एक गोष्ट सारखी आठवायला लागली जी मी सांगत नाही. टोकाच्या खोलीत एक कुटुंब होतं, त्यांची बाई सगळ्यांचं भरून झाल्यावर नळावर यायची. सगळ्यात शेवटी, बारीक धार उरल्यावर. कधी भांडण नाही, कधी कुणी तिला थांब म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती आपणहून शेवटी यायची, आणि जात हा शब्द न उच्चारता सगळ्या मजल्याला माहीत होतं का. त्या आजींनी त्यावर कधी "बरं दिसतं का" विचारलं नाही. त्यांना ते बरंच दिसत होतं. आमच्या चाळीतल्या साधारण शहाण्या माणसाला ते वाजवी वाटत होतं, माझ्या आईलाही, आणि आई खरंच वाईट नव्हती हो.

वडील गिरणीत होते, साच्यावर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. अडीच लाख माणसं घरी बसली आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील फार बोलायचे नाहीत, पण नंतर, म्हातारपणी, गॅलरीत बसून एक वाक्य म्हणायचे, "मालक हिशेबाला पक्का होता, पण समंजस नव्हता." मालकाकडे माल पडून होता, गिरण्या जुन्या, बंद राहिल्या तर त्याचं फार बिघडत नव्हतं, तो थांबू शकत होता आणि आम्ही थांबू शकत नव्हतो. मग 10-12 वर्षांपूर्वी राज्यशास्त्राच्या टिपणांचं भाषांतर करताना जॉन रॉल्स हे अमेरिकी तत्त्वज्ञ समोर आले आणि मी खुर्चीत सरळ बसले. रॉल्सनी 1993 च्या पुस्तकात नेमका हाच फरक केलाय, रॅशनल आणि रीझनेबल. समोरच्याची मान आपल्या हातात आहे म्हटल्यावर त्याच्यापुढे कडक अटी टाकणं हे रॅशनल असू शकतं, हिशेबात एकदम चोख, तरी ते रीझनेबल नसतं. रीझनेबल माणूस अशा अटी मांडतो ज्या समोरच्यालाही बरोबरीच्या नात्यानं मान्य करता येतील, आणि समोरचा पाळत असेल तर स्वतःही पाळतो. मी रॅशनलला हिशेबी लिहिलं. संपादकांनी ते कापून तर्कनिष्ठ केलं. आजही मला वाटतं की वडिलांचं भाषांतर जास्त चांगलं होतं.

पण रीझनेबलला समंजस लिहायला माझाच हात अडला. कारण तो शब्द मी कुठे ऐकलाय ते मला माहीत होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मुलगी समंजस आहे हो." समंजस म्हणजे काय, तर दोन खोल्यांत सहा माणसं आहेत आणि ती बोलणार नाही. समंजस म्हणजे नोकरी सोडून घरून काम करेल. मराठीत समंजस मुलगी असते, समंजस सून असते, मोठी बहीण तर जन्मतःच समंजस, पण "आमचे जावई फार समंजस" हे मी आयुष्यात फार तर दोनदा ऐकलं असेल आणि दोन्ही वेळा त्यात कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त होतं. इंग्रजीत ए. पी. हर्बर्ट नावाच्या विनोदी लेखकानं एका काल्पनिक निकालात न्यायाधीशांच्या तोंडी घातलं होतं की कायद्यात रीझनेबल मॅन सगळीकडे सापडतो पण रीझनेबल वूमन कुठेच नाही. आमच्याकडे उलटं आहे, इथे सगळा समंजसपणा बायकांवर सोडलाय आणि पुरुष तेवढे कायद्याला सापडले तर सापडले.

मग अजून एक तत्त्वज्ञ स्कॅनलन म्हणून आहेत, 1998 चं पुस्तक त्यांचं, ते म्हणतात नियम असा हवा की जो कुणालाही वाजवी कारणानं नाकारता येणार नाही. हे वाचायला फार छान आहे. आमची पार्किंगमधली मीटिंग त्या कसोटीला लावून बघितली, तर सगळ्यांनी होकार दिला होता, काकांनीसुद्धा. फक्त मावशी मीटिंगला नव्हत्या. त्या वेळी त्या चौदाव्यावर भांडी घासत होत्या.

घटनेतला हा शब्दही असाच हातोहात आलाय. 19 व्या कलमात स्वातंत्र्यं दिली आणि मग त्यांवर निर्बंध, त्या निर्बंधांच्या आधी "वाजवी" लावा असा आग्रह घटना समितीत 1948 साली ठाकुरदास भार्गवांनी धरला आणि आंबेडकरांनी तो मान्य केला. भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमात मात्र तो तेव्हा नव्हताच, तिथे तो 1951 च्या पहिल्या दुरुस्तीनं आला. त्याआधीच्या वर्षी आमच्याच मुंबईतून निघणाऱ्या "क्रॉस रोड्स" साप्ताहिकावर मद्रास सरकारनं बंदी घातली होती आणि सुप्रीम कोर्टानं ती उडवली होती, त्यानंतर ही दुरुस्ती आली, सरकारला जास्त कारणं देणारी आणि त्याच वाक्यात वाजवीचा लगामही घालणारी. आणि 1952 मध्ये व्ही. जी. रो खटल्यात सरन्यायाधीश पतंजली शास्त्रींनी एक गोष्ट सरळ कबूल करून टाकली, की वाजवीचं सगळीकडे चालेल असं एक माप नाही, प्रत्येक वेळी परिस्थिती बघावी लागते, आणि ते ठरवताना न्यायाधीशाची स्वतःची मूल्यं, त्याचं समाजाबद्दलचं मत आत येणारच. म्हणून त्यानं जपून राहावं. मला या कबुलीचं फार वाटतं. शेवटी फुलवालीचा हात कोर्टातही असतोच म्हणायचा.

1981 च्या जुलैमध्ये, भर पावसात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या उठवायला काढल्या होत्या, माणसांना गावी परत पाठवायचं ठरलं होतं. शाळेतून येताना भिजलेली भांडी, गुंडाळलेल्या गोधड्या आणि एका बादलीत बसवलेलं मूल हे मी बघितल्याचं आठवतं, पण ते नक्की त्याच वर्षीचं की पुढच्या, सांगता येणार नाही, अशी दृश्यं आमच्याकडे एकावर एक बसलेली असतात. त्यावरचा निकाल 10 जुलै 1985 चा, ऑल्गा टेलिस खटल्यातला, सुप्रीम कोर्टाचे पाच न्यायाधीश, आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. भाषांतरासाठी मी तो निकाल दोनदा पूर्ण वाचलाय. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, फुटपाथवर कुणी हौसेनं राहत नाही, हे त्यात इतकं चांगलं सांगितलंय की कंठ दाटतो. आणि मग पुढे, फुटपाथ हा चालण्यासाठी आहे, अतिक्रमण हटवायचा पालिकेचा अधिकार गैरवाजवी नाही, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. मला आजही कळत नाही की मी या निकालावर चिडावं की नाही. चालणाऱ्यांनाही फुटपाथ हवाच, मीच रोज परळ स्टेशनच्या बाहेर शिव्या देत चालते. पण पावसाळा संपला की वाजवी वेळ सुरू होते, हे वाक्य डोक्यात राहिलंय.

तर मावशींना उत्तर द्यायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी खाली वॉचमनला विचारलं, तू कसं ठरवतोस रे? बावीस-तेवीसचा पोरगा, उत्तर प्रदेशचा, तो म्हणाला, "मॅडम, सेक्रेटरी साब बोले, टाइम तुम देख लेना." म्हणजे पार्किंगमधल्या चाळीस शहाण्या माणसांनी जो प्रश्न नीट गुंडाळून ठेवला तो या मुलाच्या पदरात पडला होता, आणि त्यानं नोकरी टिकवण्याच्या हिशेबानं तो सोडवला होता, सकाळी आठ ते अकरा कुणालाच नाही. सेक्रेटरींकडे गेले, म्हटलं शब्द काढा किंवा वेळ तरी लिहा. ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर घातलात. आणि वेळ लिहिली की भांडणं होतील, असंच बरंय, सगळ्यांना ॲडजस्ट होतं." इंग्लंडमध्ये 1947 साली वेन्सबरीच्या सिनेमा थिएटरचा खटला झाला, त्यात न्यायाधीश लॉर्ड ग्रीननी उदाहरण दिलं की शिक्षिकेचे केस लाल आहेत म्हणून तिला काढून टाकलं तर ते गैरवाजवी, इतकं वेडगळ की डोकं ठिकाणावर असलेलं कुठलंही मंडळ असं करणार नाही. आमची नोटीस काही लाल केसांची नाही. "वापरू नये" राहिलं असतं तर निदान कुणीतरी तावातावानं भांडलं असतं, बहुतेक मीच.

परवा साडेआठला मी दूध आणायला खाली गेले होते. परत येते तर मावशी लिफ्टसमोर उभ्या, छत्री मिटून पाणी निथळवत. वॉचमन गेटवर पार्सलवाल्याशी बोलत होता. लिफ्ट आली, दार उघडलं, आतून सातव्या मजल्यावरचे काका बाहेर आले, आम्हा दोघींकडे बघितलं, काही बोलले नाहीत, तिथेच थांबून मोबाईल बघायला लागले. मी आत शिरले, दारावर हात धरून म्हटलं, "या ना मावशी." त्यांनी एकदा काकांकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. बाहेर येऊन त्यांचा हात धरायला हवा होता, किंवा काकांना काहीतरी बोलायला हवं होतं, पण लिफ्टचं दार पी पी करायला लागलं, वर कुणीतरी बटण दाबत होतं, आणि मी हात काढला.

एका मजल्याला अठरा पायऱ्या. मी वर येऊन दूध तापत ठेवलं आणि दार उघडं ठेवून ऐकत बसले. आधी काहीच नाही, मग खालून कुठूनतरी बांगड्यांचा आवाज, कठड्याला घासणाऱ्या, मग थांबलेला, मग परत. दूध वर आलं, मी गॅस बंद केला. त्या आल्या तेव्हा चेहऱ्यावर घाम आणि पाऊस एकत्र, चप्पल दारात काढली, उजवा गुडघा हातानं दाबत फरशीवर टेकल्या, पाय सरळ सोडून. तांब्या वर धरून घटाघट पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"किती वाजले ताई?"

"नऊला दहा कमी."

"मग काका गेले असतील आता हापिसला," त्या म्हणाल्या. "खाली जाताना लिफ्टनं जाते."